विश्लेषण : चालत्या गाडीचे ‘पॉप-अप’ हेडलाइट मिटतात का? कॉलिन चॅपमन यांच्या हट्टाची आणि एका बिघाडाची गोष्ट

भिवंडी : रात्रीची वेळ, गाडी चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि बोनेटवर उभे असलेले दोन्ही हेडलाइट हळूहळू खाली बसू लागतात. बल्ब गेलेला नाही, फ्यूज उडालेला नाही, बॅटरीही चांगली आहे. तरी समोरचा रस्ता दिसेनासा होतो. १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलान या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांना हा बिघाड चांगलाच परिचयाचा आहे. त्याचे मूळ विजेत नाही, हवेत आहे. भिवंडीत अंजूरफाटा, राजनोली नाका किंवा माणकोलीच्या बाजूला टेम्पो आणि पिकअपचे ब्रेक बूस्टर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला तो लगेच समजेल, कारण दोन्हीकडे काम करणारी शक्ती एकच आहे : इंजिनाच्या मदतीने तयार केलेली पोकळी, म्हणजेच व्हॅक्यूम.

हा बिघाड समजून घ्यायचा तर लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा विचार समजून घ्यावा लागतो. गाडीतला प्रत्येक भाग शक्यतो दोन कामे करील आणि गाडी हलकी राहील, हा त्यांचा आयुष्यभराचा हट्ट होता. याच हट्टाने त्यांना फॉर्म्युला वनमध्ये सात विश्वविजेतेपदे मिळवून दिली. एक भाग बिघडला की दोन कामे बंद पडतात, हा धडाही त्यातूनच मिळाला.

कॉलिन चॅपमन कोण होते?

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ते स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकले. पूल आणि इमारतींवरचा भार कुठून कुठे जातो, कमीत कमी लोखंडात तो कसा पेलायचा, याचे हे शास्त्र. पुढे त्यांनी गाड्या बनवल्या त्याही याच नजरेने. गणिताच्या पेपरात अडल्यामुळे त्यांची पदवी लांबली. ती त्यांनी १९४९ मध्ये पूर्ण केली. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायलाही शिकले. विमानात अनावश्यक वजनाला जागा नसते, हा संस्कार तिथला.

शिकत असतानाच ते जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग होते. १९४७ च्या शरद ऋतूत खासगी गाड्यांचा पेट्रोल कोटाच बंद झाला आणि जुन्या गाड्यांचा बाजार कोसळला. चॅपमन यांच्याकडे एक ऑस्टिन सेव्हन न विकता उरली. लंडनच्या मसवेल हिल भागात, मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, ती खोलून त्यांनी स्वतःची स्पर्धेची गाडी बांधली. तीच पहिली लोटस. १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनीअरिंग कंपनी सुरू झाली, तेव्हा भांडवल म्हणून हेझल यांनी दिलेले २५ पौंड उपयोगी पडले. कारखाना होता हॉर्न्सी भागात, चॅपमन यांच्या वडिलांच्या हॉटेलमागील जुन्या तबेल्यात. १९५४ मध्ये कॉलिन आणि हेझल यांचे लग्न झाले.

एलानची चासी वेगळी कशी होती?

१९५७ मध्ये लोटसने एलीट ही गाडी दाखवली. तिला वेगळी चासी नव्हती; फायबरग्लासची बॉडी हीच तिची चासी. कल्पना अफलातून होती, पण एलीट बनवणे फार महाग पडले आणि कंपनीला तोटा झाला. तिच्या जागी स्वस्तात बनेल अशी नवी गाडी हवी होती. तिच्या विकासाची जबाबदारी रॉन हिकमन यांच्याकडे होती. नवी बॉडी तयार होईपर्यंत सस्पेन्शनची चाचणी घेता यावी म्हणून चॅपमन यांनी पत्रा वाकवून पाठीच्या कण्यासारखी एक साधी पोलादी चासी आखली. मधोमध एक पेटी आणि दोन्ही टोकांना फाटे, असा तिचा आकार. ती तात्पुरती होती, पण इतकी कणखर आणि हलकी निघाली की तीच कायम झाली.

ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटार प्रदर्शनात एलान लोकांसमोर आली. वजन सुमारे ६८० किलो, म्हणजे आपल्या मारुती ८०० च्या आसपास. १५५८ सीसीचे इंजिन मात्र १०५ अश्वशक्तीचे, मारुती ८०० च्या अडीचपटीहून जास्त. वळणावर ती ज्या सहजतेने फिरे, त्याची तुलना आजही होते.

दिवे बोनेटमध्ये का लपवले?

एलानचे नाक फार खाली होते. हवेला अडथळा कमी व्हावा म्हणून ते तसे ठेवलेले. पण हेडलाइट जमिनीपासून किमान २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर उंचीवर असावेत, असा नियम होता. नाक उंच करावे तर आकार बिघडतो, खाली ठेवावे तर नियम मोडतो. यातून निघालेला मार्ग म्हणजे दिवसा बोनेटमध्ये मिटलेले आणि रात्री वर उठणारे दिवे.

ही कल्पना चॅपमन यांची पहिली नव्हती. अमेरिकेत १९३५ च्या अखेरीस आलेल्या कॉर्ड ८१० या गाडीचे दिवे मडगार्डमध्ये लपत. गॉर्डन ब्यूरिग यांनी आखलेल्या त्या गाडीत चालकाला हँडल फिरवून दिवे बाहेर काढावे लागत. एलानमध्ये हाताचे काम गेले, पण त्यासाठी इलेक्ट्रिक मोटारही बसवली नाही. मोटार म्हणजे वजन आणि खर्च. चॅपमन यांच्या गाडीत इंजिनाची फुकट मिळणारी ओढ वापरली गेली.

ही यंत्रणा चालते कशी?

पेट्रोल इंजिन हवा आत ओढते. थ्रॉटल बंद किंवा अर्धवट उघडा असताना इंजिनाच्या इनलेट मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्या दाबाच्या फरकाने एक रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ओढला जातो. डायफ्रॅम लिंकेज ओढतो आणि लिंकेज दिवा वर उचलते. डॅशबोर्डवरचा खटका ही खरे तर हवेची चावी असते.

अडचण अशी की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली पोकळी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे ओव्हरटेक करताना किंवा चढावर दिवे पडायचे. त्यावर उपाय म्हणून पोकळी साठवणारी टाकी लागते आणि साठलेली पोकळी परत इंजिनाकडे जाऊ नये म्हणून एकाच दिशेने चालणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह लागतो. वेगळी टाकी लावली तर वजन वाढते. म्हणून चासीच्या पुढच्या आडव्या पोलादी भागाची पोकळ पेटी हवाबंद करून तीच टाकी म्हणून वापरली. जो भाग सस्पेन्शनचा भार पेलतो, तोच दिव्यांसाठी पोकळी साठवतो. एका भागाची दोन कामे.

टेम्पोच्या ब्रेक बूस्टरमध्येही हेच भाग आहेत : डायफ्रॅम, नॉन-रिटर्न वॉल्व्ह, जाड होज. फरक इतकाच की डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये अशी ओढ सहसा मिळत नाही. त्यामुळे तिथे स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो, अनेकदा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला. पंप किंवा होज गळू लागली की ब्रेक पॅडल दगडासारखे कडक होते. एलानमध्ये तीच गळती दिवे पाडते.

बिघाड कसा शोधायचा?

सुरुवात पाना उचलून नव्हे, निरीक्षणाने करायची. खालचा क्रम व्हॅक्यूमने दिवे वर उचलणाऱ्या एलानसाठी आहे.

एक, इंजिन आयडलवर ठेवून खटका ओढावा. या वेळी पोकळी सर्वात चांगली असते. दोन्ही दिवे नीट वर आले, पण इंजिन बंद करताच काही क्षणांत खाली बसले, तर पोकळी साठून राहत नाही असे समजावे. संशय नॉन-रिटर्न वॉल्व्ह, मुख्य होज आणि टाकीवर.

दोन, एकच दिवा मागे राहत असेल तर टाकी बहुधा ठीक आहे. त्या बाजूची होज, टी-जोड, डायफ्रॅम किंवा सुकलेला सांधा पाहावा. दिवा हाताने हळू उचलून बघितला तर सांधा अडतो का, ते लगेच कळते. अडत असेल तर सफाई आणि ग्रीस एवढ्यानेच काम होते. डायफ्रॅम नवा घालून सांधा तसाच ठेवला तर खर्च वाया जातो.

तीन, नॉन-रिटर्न वॉल्व्ह काढून दोन्ही बाजूंनी फुंकून पाहावा. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. तो परत बसवताना उलटा बसला तर नवा वॉल्व्हही निकामी ठरतो.

चार, उरलेल्या यंत्रणेचे तुकडे पाडून तपासावे. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप आणि गेज एका वेळी एकाच भागाला जोडायचे : आधी डावा डायफ्रॅम, मग उजवा, मग खटका, शेवटी टाकी. गेजचा काटा स्थिर राहिला तर तो भाग निर्दोष. काटा उतरला तर गळती तिथेच.

पाच, कंप्रेसरवर चालणाऱ्या लूमच्या कारखान्यात गळती शोधायला पाइपवर साबणाचे पाणी लावतात आणि बुडबुडे पाहतात. व्हॅक्यूममध्ये ही युक्ती चालत नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते. बुडबुडा फुगतच नाही. टाकीवर साबणाची चाचणी घ्यायचीच असेल तर डायफ्रॅम आणि खटक्याच्या होज आधी काढाव्या, मग टाकीत अगदी कमी दाबाची हवा भरावी. कंप्रेसरची पूर्ण हवा सोडली तर जोडलेला डायफ्रॅम फाटतो.

सहा, दिवे वर येतात पण लागत नाहीत, तर विजेचे सर्किट तपासावे. एलानची बॉडी फायबरग्लासची असल्याने तिच्यातून अर्थिंग मिळत नाही. लोखंडी बॉडीच्या गाडीत दिव्याचा स्क्रू हीच अर्थिंग होऊ शकते. इथे प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर चासीपर्यंत शाबूत असावी लागते. हिरवट पडलेले एक टोक घासून साफ केल्यावर दिवा लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

हे काम करताना उचललेल्या दिव्याखाली बोटे घालण्याआधी तो लाकडाच्या तुकड्याने टेकवावा. मोटारीवर चालणारे पॉप-अप दिवे असतील तर आधी फ्यूज काढावा.

सर्वात मोठा दोष कोणता?

चासीच्या आत धरलेला गंज. पुढची आडवी पेटी खाली, चाकांच्या मधोमध, पाणी आणि चिखल उडेल अशा जागी आहे. पत्र्याला सुईएवढे भोक पडले तरी पोकळी टिकत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत, जिथे चार महिने पाऊस असतो, तिथे तर ही भीती जास्तच.

इथे दिव्याचा प्रश्न चासीचा प्रश्न होतो. अनेक जण गळणारी पेटी सोडून देतात, बाजूला छोटी स्वतंत्र टाकी बसवतात आणि होज तिला जोडतात. दिवे सुधारतात, काम स्वस्तात होते. मात्र ज्या पत्र्याला भोक पडले तोच पत्रा पुढच्या सस्पेन्शनचा भार पेलतो आहे, हे विसरले जाते. मिटणारा दिवा हा इशारा होता. टाकी बदलून इशारा बंद होतो, गंज तसाच राहतो. त्यामुळे टाकीतून गळती सापडली की गाडी उचलून चासी ठोकून पाहणे, हा त्या दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे.

लोटसने पुढे अमेरिकेसाठीच्या गाड्यांमध्ये ही यंत्रणा उलटी केली. त्यात स्प्रिंग दिवे वर उचलते आणि व्हॅक्यूम त्यांना खाली दाबून ठेवतो. गळती झाली तर दिवे मिटत नाहीत, उघडतात. अशी गाडी काही दिवस उभी राहिली की तिचा एक डोळा आपोआप उघडलेला दिसतो. दिसायला विचित्र, पण रात्री जीव वाचवणारे. बिघाड होणारच असेल तर तो सुरक्षित बाजूने व्हावा, हा अभियांत्रिकीतला मूलभूत नियम त्यात आहे.

शर्यतीत या विचाराने काय दिले?

एलान आली त्याच वर्षी, १९६२ मध्ये, लोटस २५ फॉर्म्युला वनमध्ये उतरली. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची पेटी हीच तिची चासी होती. जिम क्लार्क यांनी १९६३ मध्ये तिच्यावर विश्वविजेतेपद मिळवले. १९६५ मध्ये त्यांनी दुसरे विजेतेपद आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिन केवळ चाके फिरवत नव्हते, तर गाडीचा मागचा अर्धा सांगाडाही तेच होते. १९७८ मध्ये लोटस ७९ ची बॉडी उलट्या पंखासारखे काम करून गाडीला रस्त्यावर दाबून धरत होती. मारिओ आंद्रेत्ती त्या वर्षी विश्वविजेते झाले. प्रत्येक वेळी सूत्र तेच : एक भाग, दोन कामे.

त्याची किंमतही मोठी होती. १९६९ मध्ये बार्सिलोनात लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले आणि ग्रॅहम हिल व योखेन रिंट यांना अपघात झाले. ५ सप्टेंबर १९७० रोजी मॉन्झा येथे सरावादरम्यान रिंट यांची लोटस ७२ रेलिंगवर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. चाकांवरचे वजन कमी करण्यासाठी त्या गाडीचे ब्रेक चाकांऐवजी बॉडीच्या आत बसवले होते आणि दोहोंना जोडणारा पुढचा एक शाफ्ट तुटला होता. रेलिंग नीट बसवलेले नसल्याने धडक प्राणघातक ठरली. रिंट हे मरणोत्तर विश्वविजेते ठरलेले फॉर्म्युला वनमधील आजवरचे एकमेव चालक आहेत. लोटसच्या गाड्या वेगवान आहेत पण नाजूक आहेत, ही टीका चॅपमन यांची पाठ शेवटपर्यंत सोडणार नव्हती.

शेवट कसा झाला?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चॅपमन यांच्या कंपनीने अमेरिकी उद्योजक जॉन डीलोरिअन यांच्या गाडीच्या विकासाचे काम घेतले. बेलफास्टजवळच्या त्या कारखान्यात ब्रिटिश सरकारचा पैसा होता. १९८२ मध्ये तो प्रकल्प बुडाला आणि विकासासाठी दिलेल्या पैशांतील मोठी रक्कम भलतीकडे वळवल्याचे समोर आले. या प्रकरणात लोटसचे आर्थिक व्यवहार पाहणारे फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन यांना न्यायालयासमोर उभे राहण्याची वेळ आली नाही. १६ डिसेंबर १९८२ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी त्यांचा संघ संगणकावर चालणाऱ्या ॲक्टिव्ह सस्पेन्शनची फॉर्म्युला वन गाडीवर चाचणी घेत होता.

पॉप-अप दिवे आता का दिसत नाहीत?

एलानचे उत्पादन १९७३ मध्ये थांबले. १९८९ मध्ये जपानच्या मॅझदाने एलानच्या धर्तीवर एमएक्स-५ आणली. तिचे दिवे मोटारीवर चालत आणि मोटार बंद पडली तर हाताने फिरवून दिवा वर काढण्यासाठी मोटारीलाच एक गुंडी दिलेली होती. पण १९८३ नंतर अमेरिकेने ठरावीक आकाराच्या गोल किंवा चौकोनी दिव्यांची सक्ती सैल केली. बॉडीच्या आकारात सामावणारे दिवे शक्य झाले. पुढे प्रोजेक्टर आणि एलईडी दिव्यांमुळे लहान जागेत भरपूर प्रकाश मिळू लागला. पादचाऱ्याला धडक बसली तर बोनेटवरचा टोकदार भाग जास्त इजा करतो, म्हणून सुरक्षेचे नियमही कडक झाले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांतले शेवटचे पॉप-अप दिवे २००४ मध्ये बंद झाले. त्यात शेव्हरलेची कॉर्व्हेट होती, तशीच लोटसची एस्प्रीही.

भारतात अशी जुनी गाडी असेल तर?

१५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या विंटेज म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षांसाठी असते. फेरनोंदणीला ५ हजार रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशीही अट आहे.

त्यामुळे गंजलेली चासी बदलण्याचा किंवा नवे पत्रे जोडण्याचा निर्णय घेण्याआधी आरटीओत विचारणा करावी आणि मूळ चासी क्रमांकाची छायाचित्रे काढून ठेवावीत. होज, वॉल्व्ह आणि डायफ्रॅम बदलणे ही साधी देखभाल आहे. तिथूनच सुरुवात करावी. रात्रीच्या प्रवासाआधी एक चाचणी मात्र प्रत्येक वेळी करावी : इंजिन सुरू करून दिवे वर घ्यावेत, इंजिन बंद करावे आणि घड्याळ लावून दिवे किती वेळ उभे राहतात ते पाहावे. हा वेळ दर महिन्याला कमी होत असेल, तर गळती वाढते आहे आणि गाडी उचलून चासी तपासण्याची वेळ आली आहे.